विद्यार्थी कोणाच्या मालकीचा?

एका कॉलेजातून निघून दुसऱ्या कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास आज जे कागद गोळा करावे लागतात, त्यांत ‘ना हरकत प्रमाणपत्र’ नावाचा एक कागद असतो. त्याविषयी प्रस्तुत लेखात आम्हांस काही स्पष्ट लिहावयाचे आहे; कारण आमच्या उच्च शिक्षणाचे एक जुने दुखणे या एका कागदात साठलेले आहे, असे आमचे मत आहे. ज्यास हरकत घेण्याचा अधिकार असतो, त्याच्याकडेच ‘ना हरकत’ मागावयाची असते. भाडेकरूस पोटभाडेकरू ठेवावयाचा असेल तर तो घरमालकास विचारतो. सरकारी नोकरास दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज करावयाचा असेल तर तो वरिष्ठास विचारतो. या ठिकाणी मालकीचा अगर सेवेचा काही संबंध आहे, म्हणून विचारणे रास्त ठरते. परंतु विद्यार्थी व कॉलेज यांच्यामध्ये असा कोणता संबंध आहे की, एकाने जावयाचे ठरविले असता दुसऱ्याने हरकत घ्यावी? विद्यार्थी हा कॉलेजचा नोकर नव्हे, कूळ नव्हे आणि वेठबिगार तर नव्हेच नव्हे. तो शुल्क भरतो, शिकतो, परीक्षा देतो. जे तो शिकला ते त्याचे झाले. मग हरकत कसली, आणि ती घेणारे आम्ही कोण?

कित्येक वाचकांस वाटेल की, ही कारकुनी बाब आहे. तिच्यासाठी मासिकाची पाने खर्ची घालण्याचे कारण काय? आमचे त्यांस नम्र उत्तर असे की, ज्या घरातील मुलाला अगर मुलीला या वाटेने जावे लागले, त्या घरास विचारून पाहावे. विद्यार्थी कॉलेज का बदलतो? वडिलांची बदली होते म्हणून. घरचा कर्ता पुरुष जातो आणि मामाच्या अगर चुलत्याच्या गावी बिऱ्हाड हलवावे लागते म्हणून. मुलीचे लग्न होते म्हणून. पुण्यामुंबईचा खोलीभाड्याचा व खानावळीचा खर्च झेपेनासा होतो म्हणून. वसतिगृहात कोणी जातीवरून टोचून बोलतो आणि मुलाचे मन तेथून उडते म्हणून. किंवा एवढ्याचसाठी की, ज्या विषयाची त्याला गोडी लागली तो विषय त्या कॉलेजात शिकवीतच नाहीत. यांतील एकही कारण गुन्ह्याचे नाही. बहुतेक कारणे तर दुर्दैवाची आहेत. आणि दुर्दैवाने ग्रासलेल्या माणसाला आमच्या संस्था प्रथम काय विचारतात, तर ‘आमची हरकत नाही असा कागद आणलात काय?’

त्या कागदाचा प्रवास एकदा डोळ्यांखालून घालावा. प्रथम ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना व वसतिगृह या चारही ठिकाणांहून ‘येणे बाकी नाही’ अशा चिठ्ठ्या आणावयाच्या. मग कॉलेज सोडल्याचा दाखला. विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतराचे प्रमाणपत्र, ज्यास मायग्रेशन म्हणतात. नव्या ठिकाणी पात्रतेचा अर्ज, आणि त्यासोबत आधीच्या प्रत्येक सत्राच्या गुणपत्रिका व अभ्यासक्रमाच्या प्रती. जुने कॉलेज म्हणते, ‘नव्या कॉलेजाने जागा दिल्याचे पत्र आणा, मग दाखला देऊ.’ नवे कॉलेज म्हणते, ‘दाखला आणा, मग जागेचे पाहू.’ या दोहोंच्या मध्ये मुलगा व त्याचा पालक एस.टी.च्या फेऱ्या घालीत राहतो, आणि प्रवेशाची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. काही विनाअनुदान संस्थांतून तर याहून मौज असते: पुढील वर्षांचे सारे शुल्क आधी भरा, मग मूळ कागदपत्रे परत मिळतील, असे तोंडी सांगण्यात येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच स्पष्ट बजावले की, मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत आणि प्रवेश रद्द करणाऱ्यास ठरलेल्या प्रमाणात शुल्क परत करावे. प्रवेशाच्या अंतिम तारखेपूर्वी निदान पंधरा दिवस कळविल्यास संपूर्ण, व पुढे जसजसा उशीर होईल तसतसे कमी. आयोगाची सूचना कचेरीच्या फलकावर चिकटविलेली असते आणि तिच्याच खाली बसलेला कारकून तिच्या उलट बोलत असतो. कागदावर लिहून मात्र तो काही देत नाही, कारण लिहून दिले तर अंगाशी येईल हे तोही जाणून असतो.

आमच्या माहितीतील एका मुलीची हकीकत सांगतो. गावाची व संस्थेची नावे देण्याचे प्रयोजन नाही. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात होती. मुख्य विषय अर्थशास्त्र, पहिल्या वर्षाचे सर्व विषय चांगल्या गुणांनी सुटलेले. वडील अकस्मात वारले आणि आई मुलांना घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरी भावाकडे आली. तेथील कॉलेजात अर्थशास्त्र होते, जागाही होती. परंतु मुलीने जो गौण विषय घेतला होता तो तेथे नव्हता, आणि तेथे पहिल्या वर्षी शिकविलेली दोन कौशल्याची प्रकरणे तिने केलेली नव्हती. कचेरीने निर्णय दिला : पहिल्या वर्षापासून पुन्हा बसा. अर्थशास्त्र तिला किती येते, हे तिला कोणी विचारले नाही. मामा भला माणूस होता. पण दोन वर्षे पुन्हा भरावयाची म्हटल्यावर घरात जो विचार निघावयाचा तो निघालाच. पुढल्या मार्गशीर्षात तिचे लग्न झाले. अशा प्रसंगी मुलाचे वर्ष बुडते. मुलीचे शिक्षणच बुडते. आणि याचा दोष कोणा एका कारकुनाकडे जात नाही, हीच या व्यवस्थेची खुबी आहे. प्रत्येकाने नियमच पाळलेला असतो.

पूर्वी असे नव्हते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण जुन्या विद्यापीठाला ‘परीक्षा घेण्याचे यंत्र’ म्हणून नावे ठेवण्याची आमच्यात फार दिवसांची चाल आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाले. कॉलेजांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, अशी ती रचना होती. तिच्यात दोष पुष्कळ होते. तिने घोकंपट्टी वाढविली हेही खरे. पण तिच्यात एक गुण होता. विद्यार्थ्याने टर्म कोठे भरली यापेक्षा त्याला काय येते, याकडे ती पाही. नामदार गोखल्यांचेच उदाहरण घ्या. १८८१ साली मॅट्रिक होऊन ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले, पुढे काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते, आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. तीन शहरे, तीन कॉलेजे, आणि वयाच्या अठराव्या वर्षी पदवी हातात! गरिबीमुळे वडील भावाच्या आधाराने शिकणाऱ्या त्या मुलास वाटखर्चाची काळजी असेल. पण कोल्हापुरास केलेला अभ्यास मुंबईस जमेस धरतील की नाही, ही काळजी त्यास करावी लागली नाही.

हाच प्रवास आज एखाद्या गरीब व हुशार मुलाने करावयाचा म्हटले तर काय होईल? कोल्हापूर १९६२ पासून शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे. पुण्यास १९४९ साली स्वतंत्र विद्यापीठ झाले. डेक्कन कॉलेज स्वतःच १९९० पासून अभिमत विद्यापीठ आहे. एल्फिन्स्टन कॉलेज २०१९ साली मुंबई विद्यापीठातून निघून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेले. म्हणजे गोखले जो रस्ता एका विद्यापीठाच्या छत्राखाली चालून गेले, त्याच रस्त्यावर आज कुंपणामागून कुंपण लागते, आणि प्रत्येक कुंपणाशी मायग्रेशन, पात्रता व समकक्षता यांचे पहारेकरी उभे असतात. अठराव्या वर्षी पदवी मिळणे दूर राहो, अठराव्या वर्षी तो मुलगा पहिल्या वर्षाचा अर्ज दुसऱ्यांदा भरीत बसलेला आढळेल.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये. नवी विद्यापीठे निघाली हे योग्यच झाले. मराठवाड्याच्या मुलांना एके काळी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे डोळे लावून बसावे लागे. १९५८ साली औरंगाबादेस विद्यापीठ झाले आणि शेकडो खेड्यांतील पहिल्या पिढीला पदवीचा उंबरठा दिसला. अमरावतीस १९८३ साली, जळगावास १९९० साली, नांदेडास १९९४ साली, सोलापुरास २००४ साली, गडचिरोलीस २०११ साली विद्यापीठ झाले, त्यांतही आम्ही आनंदच मानतो. आमची तक्रार एवढीच की, दारे वाढविताना आम्ही भिंतीही वाढविल्या आणि भिंतींना दिंडी ठेवावयाचे विसरलो. पुढे स्वायत्त कॉलेजे आली. आता एकाच शहरात, एकाच विद्यापीठाच्या क्षेत्रात, एका हाकेच्या अंतरावर असलेल्या दोन कॉलेजांचे अभ्यासक्रम निराळे असतात. अध्यापकांना अभ्यासक्रम करण्याचे स्वातंत्र्य मिळाले, ते आम्हांस हवेच होते. परंतु अध्यापकाच्या स्वातंत्र्याची किंमत विद्यार्थ्याने का मोजावी?

यावर कोणी म्हणेल की, आपण जुन्या गोष्टी उगाळीत बसला आहात. हा प्रश्न तर आता सुटला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्यास हवे तेव्हा शिक्षण थांबविण्याची व हवे तेव्हा पुन्हा सुरू करण्याची मुभा दिली. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, असे टप्पे घातले. २०२१ च्या जुलैत अनुदान आयोगाने ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ स्थापण्याचे नियम केले. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक तीत साठवावे, ते सात वर्षांपर्यंत टिकावे, आणि तो दुसऱ्या संस्थेत गेला तर तेथे जमेस धरावे, अशी ती कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे; आम्ही तिचे मनापासून स्वागत करतो. परंतु पेढीचा व्यवहार ज्यास थोडाबहुत समजतो, तो विचारील की, हुंडी लिहून दिली हे ठीक, पण ती सकारणार कोण? पेशवाईत पुण्याच्या सावकाराने लिहिलेली हुंडी काशीस वटत असे, ती काशीचा सावकार ती पत्करी म्हणून. येथे पेढी आहे, खाते आहे, खात्याचा क्रमांक आहे, जमेच्या बाजूस श्रेयांकही मांडलेले दिसतात, फक्त ज्या दुकानी ती हुंडी घेऊन जावे, तो दुकानदार म्हणतो, ‘रक्कम बरोबर आहे, पण हे नाणे आमच्याकडे चालत नाही.’

नाणे चालत नाही याचे कारणही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात २०२३ साली सरकारने नव्या रचनेचा जो आराखडा ठरविला, त्यात तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ श्रेयांक लागतात, आणि ते निरनिराळ्या खणांत विभागलेले आहेत. मुख्य विषयाचा खण, गौण विषयाचा खण, खुल्या निवडीचा खण, कौशल्याचा, भाषांचा, भारतीय ज्ञानप्रणालीचा, मूल्यशिक्षणाचा, क्षेत्रकार्याचा, असे ते कपाट आहे. कपाट सगळीकडे सारखे. पण कोणत्या खणात काय ठेवावे हे प्रत्येकाने आपल्या सोयीने ठरविले आहे. त्यामुळे एका ठिकाणी ‘गौण’ म्हणून शिकलेला विषय दुसरीकडे कोणत्याच खणात बसत नाही. श्रेयांकांची बेरीज जुळते. नावे जुळत नाहीत. आणि आमच्या समकक्षतेच्या बैठकांतून नावे पाहण्याची जितकी हौस आढळते, तितकी ज्ञान पाहण्याची आढळत नाही. विद्यार्थ्यास चलन व किंमत यांचा संबंध समजला आहे काय, हे दहा मिनिटांत तोंडी विचारून कळते. पण आम्ही त्यास विचारीत नाही. दोन अभ्यासक्रमांच्या प्रती शेजारी ठेवून शीर्षके ताडून पाहतो.

या काटेकोरपणाचे नाव ‘दर्जा’ असे आहे. तेव्हा दर्जाचा थोडा विचार करू. आमच्या विद्यापीठांतून साधारणतः शेकडा ४० गुणांस विद्यार्थी उत्तीर्ण होतो; म्हणजे शंभरांतील साठ भागांविषयी आम्ही त्यास क्षमा करतो. इतकेच नव्हे. काही विषयांत जो अनुत्तीर्ण झाला, त्यासही ए.टी.के.टी. या अक्षरांच्या आधारे पुढील वर्गात बसू देतो, आणि मागचे विषय सावकाश सोडवावे असे सांगतो. ही सवलत वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही; तिने पुष्कळ मुलांची वर्षे वाचविली आहेत. पण हा न्याय कसला, ते सुज्ञ वाचकांनीच सांगावे. आमच्याच कॉलेजातील जो मुलगा एका विषयात नापास झाला तो पुढे जाऊ शकतो. आणि परक्या कॉलेजातील जी मुलगी सर्व विषयांत पास झाली, पण तो विषय निराळ्या नावाने शिकली, ती मात्र मागे जाते! आपला अज्ञानी आम्हांस चालतो, परका ज्ञानी चालत नाही. याला दर्जा म्हणत नाहीत. गावकुसाबाहेरच्याला पाणवठ्यावर येऊ न देण्याची जी जुनी रीत होती, तिचाच हा विद्वान अवतार आहे.

आणि जेथे मनात आणले तेथे हेच अधिकारी वाट काढतात, हेही दिसते. तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेल्या मुलास अभियांत्रिकीच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. पदविकेचा अभ्यासक्रम आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम एक नव्हेत. तरी एकाचा शिकलेला भाग दुसऱ्याच्या जमेस धरला जातो, आणि अभियांत्रिकीवर त्यामुळे आकाश कोसळलेले नाही. परदेशी पात्रतांना समकक्षता देण्यासाठी तर अनुदान आयोगाने २०२५ साली स्वतंत्र नियम केले. सात समुद्रांपलीकडील विद्यापीठात मुलगा काय शिकला याचे मोल ठरविण्याची तयारी आहे. सह्याद्रीच्या पलीकडील कॉलेजात काय शिकला याचे मोल ठरविताना मात्र हात आखडतो. यास काय म्हणावे?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, जाण्यायेण्याची मोकळीक दिली तर विद्यार्थी सोपे कॉलेज शोधीत भटकतील. ज्यांनी विद्यार्थी पाहिले आहेत ते असे म्हणणार नाहीत. ज्यास आराम हवा असतो तो कोठेही जात नाही. तो आहे तेथेच नाव ठेवतो आणि वर्गात येत नाही. गाव सोडणे, नवी खोली पाहणे, अनोळखी वर्गात बसणे, हे आळशाचे काम नव्हे. शिवाय भटकणारा विद्यार्थी हा विद्येचा वैरी आहे, हे तरी कोणी ठरविले? ऑक्सफर्ड सोडून गेलेल्या विद्वानांनी १२०९ च्या सुमारास केंब्रिजची मुहूर्तमेढ रोवली, आणि बोलोन्याहून निघालेल्यांनी १२२२ साली पादुआचे विद्यापीठ उभे केले. आपल्याकडे कोकणातला बटू व्याकरणासाठी एका गावी, न्यायासाठी दुसऱ्या गावी आणि शेवटी काशीस जात असे; त्यास कोणत्या गुरूने ना हरकतीचा कागद मागितला होता?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो आम्ही हलका लेखीत नाही. तालुक्याच्या गावची कॉलेजे ओस पडतील, अध्यापकांचा कार्यभार घटेल आणि जागा जातील, असे म्हटले जाते. अध्यापकाची जागा वर्गातील डोक्यांवर अवलंबून ठेवणारी व्यवस्था आहे, तोवर ही भीती खरी आहे. परंतु त्यावर उपाय, जागा अभ्यासक्रमाच्या पूर्ण मुदतीपुरत्या निश्चित ठेवणे हा आहे. वीस वर्षांच्या मुलीला ओलीस ठेवणे हा नव्हे. ज्या कॉलेजाला विद्यार्थी टिकविण्यासाठी कुंपण लागते, त्याने ते टिकविलेले नसतात, कोंडलेले असतात. आणि वाहतूक एकाच दिशेने होईल हेही गृहीत धरू नये. शहरातील खर्चाने पिचलेला मुलगा आपल्या गावाजवळच्या कॉलेजात परत येऊ इच्छितो, त्यालाही हेच कुंपण आडवे येते. मोकळीक दिली तर तालुक्याच्या कॉलेजाला गेलेले काही विद्यार्थी परतही मिळतील.

तिसरा आक्षेप जागांचा. मंजूर संख्येपलीकडे विद्यार्थी घेता येत नाहीत, हे मान्य. पण पहिल्या वर्षी भरलेला वर्ग दुसऱ्या वर्षी किती विरळ होतो, हे आमच्या व्यवसायबंधूंस सांगावयास नको. त्या रिकाम्या बाकांवर कोणी बसू नये असा कोणता शास्त्रार्थ आहे?

कागदांचा डोंगर ओलांडून जो विद्यार्थी नव्या वर्गात येऊन बसतो, त्याची परीक्षा तेथे संपत नाही. वर्गातील मैत्र्या आधीच जुळलेल्या असतात. प्रयोगाच्या जोड्या ठरलेल्या असतात. अंतर्गत गुणांपैकी काही दिले जाऊन चुकलेले असतात. वऱ्हाडातून अगर बालाघाटाकडून आलेल्या मुलाने तोंड उघडले की त्याच्या बोलीवर मागील बाकावरून हसू येते. पण या सर्वांहून जिव्हारी लागणारे वाक्य बहुधा व्यासपीठावरून येते : ‘तुमच्या कॉलेजात हे शिकविले नव्हते काय?’ बोलणाऱ्याच्या मनात कदाचित द्वेष नसतो. पण त्या एका वाक्याने मुलगा, त्याचे गाव, त्याचे आधीचे गुरुजन ही सारी एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहतात. वास्तविक अशा विद्यार्थ्याचे अध्यापकाने सर्वांत अधिक स्वागत करावयास हवे. त्याने तोच विषय दुसऱ्या तोंडून ऐकलेला असतो. जे आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस सवयीने स्वयंसिद्ध वाटते, त्यावर तो प्रश्न विचारतो. दोन कॉलेजे पाहिलेला विद्यार्थी हाच कॉलेजांचा खरा परीक्षक असतो. तपासणीच्या समित्या येतात, त्यांच्यासाठी भिंतींस रंग लागतो व फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या जातात. पण ग्रंथालय खरोखर किती वाजता बंद होते, हे या विद्यार्थ्याइतके कोणत्याही समितीस कळत नाही. त्याची वाट अडविण्यामागे या साक्षीदाराची भीती तर नसेल ना, अशी शंका आम्हांस कधी कधी येते.

अभ्यास मध्येच तुटला तर संस्थेने काय करावे, याचे एक उदाहरण शंभर वर्षांहून जुने आहे. डॉ. आंबेडकर १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुढे चालविण्याची परवानगी त्यांस मिळाली. १९२० साली ते परत गेले, १९२१ साली एम.एस्सी. व १९२३ साली डी.एस्सी. झाले. परक्या देशातील एका विद्यापीठाने, पारतंत्र्यातील एका विद्यार्थ्याचे दार चार वर्षे किलकिले ठेवले. आम्ही त्यांच्या नावाने विद्यापीठे काढली, अध्यासने स्थापिली, जयंत्या केल्या. मग ज्या सवलतीमुळे त्यांचा अभ्यास वाचला, ती सवलत त्यांच्याच वाटेने येणाऱ्या मुलामुलींना देण्यास आम्ही का कचरतो?

आमच्या मागण्या थोड्या आहेत व साध्या आहेत. ‘ना हरकत प्रमाणपत्र’ हा कागद समूळ रद्द करावा. कॉलेज सोडल्याचा दाखला अर्ज केल्यापासून सात दिवसांत द्यावा, आणि काही येणे असेल तर ते इतर मार्गांनी वसूल करावे, दाखला तारण ठेवून नव्हे. एका राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत मिळविलेले श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठाने आपोआप जमेस धरावेत. मुख्य विषयापुरती शंका असेल तर त्या विषयाच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यास समोर बसवून विचारावे, आणि पंधरा दिवसांत कारणांसह लेखी निर्णय द्यावा. काही उणे आढळले तर ते पुढील वर्गात बसून भरून काढू द्यावे. जी दया आम्ही नापासांवर करतो, ती पासांवरही करावी. आणि शेवटची मागणी : प्रत्येक कॉलेजाने दर वर्षी किती विद्यार्थी सोडून गेले, का गेले आणि किती बाहेरून आले, हे आकडे प्रसिद्ध करावेत. हे आकडे छापले जाऊ लागले म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप सुधारतील.

पालकांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. कचेरीतील खिडकीशी तोंडी मिळालेले उत्तर हे उत्तर नव्हे. जे सांगतात ते लिहून मागा. मूळ कागद अडविले तर आयोगाच्या सूचनेचा हवाला देऊन लेखी अर्ज करा, आणि त्याची पोच घ्या. आमच्या मध्यमवर्गीय घरांतून ‘कशाला वाकड्यात शिरा, मुलाचे वर्ष त्यांच्या हाती आहे’ असे म्हणण्याची सवय आहे. त्या सवयीवरच हा सारा कारभार चाललेला आहे.

न्यायशास्त्र मिथिलेतून नवद्वीपास कसे गेले, याची एक परंपरागत कथा आहे. मिथिलेचे पंडित ग्रंथाची प्रत बाहेर नेऊ देत नसत. तेव्हा वासुदेव सार्वभौमांनी तेथे राहून ग्रंथ मुखोद्गत केला आणि बंगालात परत जाऊन पाठशाळा काढली, असे सांगतात. कथेतील इतिहास किती, हा प्रश्न निराळा. तिच्यातील तत्त्व निर्विवाद आहे. पोथी अडविता येते, विद्या अडविता येत नाही. ती शिकणाऱ्याबरोबर चालू लागते. मिथिलेच्या पंडितांपाशी निदान अडवून ठेवण्याजोगी पोथी तरी होती. आम्ही अडवितो ती शिक्क्याची एक चिठ्ठी, आणि तिच्यापायी कोणाची तरी दोन वर्षे जातात व कोणाचे तरी शिक्षण कायमचे थांबते. विद्यार्थी जावयास निघाला तर त्यास दार उघडून द्यावे, आणि दुसऱ्या दाराशी उभा असलेला आत घ्यावा. याहून अधिक काही आम्ही मागत नाही, आणि याहून कमी काही दिले तर त्यास विद्यादान म्हणू नये.